पाटीवरची बिट्टी

मंगळवार, ९ सप्टेंबर
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू आणि भावोजी बरे असालच. तुझा गुडघा कसा आहे? दोन जिने चढून शाळेच्या प्रयोगशाळेत जाणं काही सोडलं नसशील. खालच्या मजल्यावरचा वर्ग मागितलास तर कुणी तुला फासावर देणार नाही, पण तू मागायची नाहीस.

दोन वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी शेवटचं पान उलटलं असशील, कुणी गेलं-बिलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. म्हणजे एक जण गेलंय, पण ते मला एकदम सांगता येणार नाही. जरा इकडचं तिकडचं लिहू दे. फोन केला असता तर 'काही नाही गं, सहज केला' एवढंच तोंडातून निघालं असतं आणि मी ठेवून दिला असता.

दुकान ठीक चाललंय. चष्मे लोकांना लागतातच. ते निवृत्त पोस्टमास्तर अजून येतात, डोळ्यांपेक्षा गप्पा तपासून घ्यायला. मागे एकदा माझ्या हातून त्यांच्या फ्रेममध्ये भलतीच जाड काच लागली होती. त्यातून समोरचा माणूस दिसला नसता, तरी त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली. खोटं बोलत नव्हते गं. इतकी वर्षं तोच तक्ता बघून पाठ झाला होता, आणि पाठ होता म्हणून त्यांना तो खरंच दिसत होता. तेव्हापासून मी जुन्या गिऱ्हाइकांना तक्ता बदलून दाखवते. नव्या पोरीला कामाला ठेवलं तेव्हा पहिल्या दिवशी तिला हेच शिकवलं: माणूस प्रामाणिक आहे म्हणून त्याची नजर चांगली आहे असं धरायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेव. पुढे ते माझ्याच डोक्यावर आदळणार आहे.

बिट्टीची दाढ काढली. ही खरी बातमी.

जुलैमध्ये ती उजव्या गालावर मारून घ्यायला लागली. आधी हलके, मग असे की आवाज दुसऱ्या खोलीत यायचा. जेवण ढकलून द्यायची. मी काय केलं असेल? पाटी काढली. तू पाटी एकदाच पाहिलीस आणि तेही धड पाच मिनिटं नाही, म्हणून परत सांगते. पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं, काना-मात्रा मांडलेले. मी तिच्या कोपराखाली हात धरायचा, नुसता आधार, आणि तिने बोटाने अक्षरं दाखवायची. न बोलणाऱ्या मुलांच्या केंद्रातल्या बाईंनी शिकवलं होतं की ह्या मुलांच्या आत सगळी भाषा तयार असते, फक्त हात ऐकत नाही; आपण त्याला धीर द्यायचा. अठरा वर्षं एक शब्द न बोललेली माझी मुलगी तिसऱ्याच दिवशी पाटीवर म्हणाली, 'आई, मला सगळं समजतं.' त्या दिवशी मी घरभर नाचले होते, तुला फोन करून रडले होते. तूही रडली होतीस.

तर मी विचारलं, 'बिट्टी, गाल दुखतोय का?' पाटीवर आलं, 'नाही आई. मला कंटाळा आलाय. मला अभ्यास हवाय.' मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. पोरीला अभ्यास हवाय. मी तिच्यासाठी आकाशातल्या ग्रहांचं पुस्तक आणलं. ती गालावर मारत राहिली आणि मी तिला शनीची कडी वाचून दाखवत राहिले.

शेवटी ताप चढला आणि चेहरा एका बाजूने सुजला तेव्हा बिट्टीचे बाबा तिला उचलूनच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. भूल देऊन तोंड उघडलं तर दाढेच्या मुळाशी पू. हाडापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे फार दिवसांचं आहे. तिने काहीच दाखवलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "गालावर मारायची. पण ते कंटाळ्यामुळे."

"असं कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली," मी सांगितलं.

त्यांनी आत टेबलावर झोपलेल्या बिट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  बिट्टीचे बाबा जमिनीकडे बघत होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं: ज्या मुलीला शनीच्या कड्यांबद्दल बोलता येतं तिला 'दाढ' हा शब्द का आला नाही?

गिऱ्हाईक आलंय. थांबते.

रात्री नको, उद्या सकाळीच लिहीन असं ठरवलं होतं, पण गिऱ्हाईक नुसती चष्म्याची नाकावरची पकड सैल झाली म्हणून आलं होतं. ती घट्ट करून दिली. आता सांगूनच टाकते.

बिट्टी बरी होऊन घरी आली त्यानंतरच्या रविवारी सकाळी मीच म्हटलं, एकदा पाटी तपासून बघू या. तुझ्या मनात आता काय आलं ते मला कळतंय. तू हेच मागत होतीस. पण तुझं नाव तेव्हा आमच्या घरात कुणी घेत नव्हतं, म्हणून मी ते माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं मांडलं. बिट्टीचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात, त्यांना एवढंच कळतं की बंद आहे म्हणजे कुठे बंद आहे ते शोधायचं. ते लगेच 'हो' म्हणाले. इतक्या लगेच, की मला राग आला.

मी गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. त्यांनी बिट्टीला कंगवा दिला. तिने तो हाताळला, केसांतून फिरवला, चावून पाहिला. मग त्यांनी तो पिशवीत टाकला आणि मला आत बोलावलं. मी तिच्या कोपराला हात दिला. बोट निघालं, नेहमीसारखंच, सरळ, न अडखळता. 'सफरचंद.'

पुन्हा गॅलरीत. ह्या वेळी चमचा. पाटीवर आलं, 'पुस्तक'.

तिसऱ्यांदा किल्ल्यांचा जुडगा होता. तो तिने काही केल्या सोडला नाही, म्हणून बाबांनी तो तिच्या मांडीवर रुमालाखाली झाकला. मी बसले. पाटीवर आलं, 'आई, मला असले खेळ आवडत नाहीत. माझ्यावर विश्वास नाही का?'

आणि ताई, मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "बघा, चिडली ती. चिडणारच."

ते म्हणाले, "कोण चिडलंय?"

मी वर पाहिलं. बिट्टी दुसरा हात रुमालाखाली घालून किल्ल्या खुळखुळवत होती आणि तोंडभर हसत होती. पाटीकडे तिचं लक्षही नव्हतं. माझ्या हातात तिचा कोपर होता आणि तिचं बोट अजून 'का'च्या कान्यावर टेकलेलं होतं.

तरी मी मानलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, तिला वस्तू लक्षात राहिली नसेल, मधे वेळ गेला, ती घाबरली, दुखणं नुकतंच झालंय. केंद्रात हेच सांगतात. बरोबर आलं की मूल हुशार, चुकलं की घरात संशय. मग मला दुकानातलं ते यंत्र आठवलं. तिरळेपणा बघताना मी एका डोळ्याला पिंजरा दाखवते आणि दुसऱ्याला पोपट. माणूस काय दिसतंय म्हणतो त्यावरून कुठला डोळा काम करतोय आणि कुठला नुसता उघडा आहे ते कळतं. मी म्हटलं, आम्हा दोघींना चित्रं दाखवा. कधी दोघींना एकच, कधी वेगवेगळी. मधे पुठ्ठा उभा करा, म्हणजे कुणाला काय दाखवलंय ते मला कळायचं नाही. ही माझी कल्पना. माझ्या धंद्यातली, माझ्या डोक्यातली.

पहिल्या चित्राला मला मासा दिसला. पाटीवर 'मासा' आला. बाबांनी मान हलवली: बरोबर. मी त्यांच्याकडे असं बघितलं की काय विचारू नकोस. दुसऱ्याला मला होडी दिसली. पाटीवर 'होडी' आलं. ते गप्प बसले. तिसऱ्याला मला छत्री, पाटीवर 'छत्री'. ते गप्पच. मी म्हटलं, "अहो, बोला की."

त्यांनी तिच्या बाजूची चित्रं माझ्याकडे वळवली. तिला कप दाखवला होता. तिला कुत्रा दाखवला होता. मासा तेवढा दोघींना होता.

मी उठून आत गेले आणि दुधाखालचा गॅस बंद केला. दूध ठेवलेलंच नव्हतं.

ताई, मी ढकललं नाही. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, मला माझ्या हातात काही जाणवलं नाही. मला तिच्याच हाताची ओढ जाणवायची, आतून येणारी, आणि मी फक्त मागे जायचे. आजही जाणवेल. तेच भयंकर आहे. कुणी मला फसवलं असतं तर मी त्याचं दुकान बंद पाडलं असतं. केंद्रातल्या बाईसुद्धा लबाड नाहीत गं, त्यांचा स्वतःचा मुलगा तसा आहे आणि त्या त्याच्याशी रोज पाटीवर गप्पा मारतात. मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. त्या इतक्या मायेने म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा घेतलीत, म्हणून तिने स्वतःला मिटून घेतलं. प्रेमाला पुरावा मागायचा नसतो." मी फोन ठेवला आणि विचार केला, उद्या मी गिऱ्हाइकाला म्हटलं की चष्मा अगदी बरोबर आहे, तुम्ही शंका घेतलीत म्हणून धूसर दिसतंय, तर तो चष्मा माझ्या तोंडावर फेकेल. आणि फेकावाच. माझी काच चुकली तर ती चुकली हे दाखवायची सोय आहे, म्हणून तर लोक माझ्याकडे डोळे घेऊन येतात. पाटीला चुकायची सोयच ठेवलेली नव्हती. एवढी साधी गोष्ट, रोजच्या कामातली, आणि मी ती दुकानाला कुलूप लावताना आतच ठेवून घरी येत होते.

त्या दुपारी बिट्टीचे बाबा गॅलरीत उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "मी धरलं की पाटी चालायची नाही. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचं नाही." एवढं बोलून आत गेले आणि बिट्टीशेजारी जमिनीवर बसले. ती फ्रिजला पाठ लावून बसते ना, त्याची घरघर अंगात घेत, तिथे. दोन वर्षं त्या माणसाला मुलीने नाकारलंय असं वाटत होतं आणि त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

आता कळलं ना कोण गेलं ते. पाटीवरची बिट्टी गेली. ती कविता करायची, तिला माझं दुकान आवडायचं, तिला पावसाची भीती वाटायची (मला वाटते), ती तिच्या बाबांच्या घोरण्यावर विनोद करायची. 'आई, तू थकलीस की मला कळतं' असं म्हणायची. तसं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून मी स्वतःच स्वतःला म्हणून घेतलं. तिच्यासाठी सुतक कसं धरायचं, ती नव्हतीच.

दुकान बंद करायची वेळ झाली. उरलेलं उद्या, कारण उरलेलं तुझ्याबद्दल आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

ताई,

काल लिहिलेलं आज वाचून पाहिलं. भरपूर बोलले आहे आणि जे लिहायला बसले ते टाळलं आहे.

तू शेवटची आलीस तेव्हा बिट्टीसाठी तो निळा स्कार्फ घेऊन आली होतीस. जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "मी तिच्याबरोबर आत बसते. तिला एक वस्तू दाखवते. तू जरा बाहेर थांब, मग आत येऊन विचार." फार मऊ आवाजात म्हणालीस. तुझ्या वर्गातल्या पोरांनाही तू इतकं मऊ बोलत नसशील. मी उसळले. म्हटलं, माझी मुलगी म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेतला बेडूक नाही. मग मी पाटी काढली. म्हटलं, तिलाच विचारू. कोपर धरला.

पाटीवर काय आलं ते तुला पाठ असेल. मलाही आहे. 'मास्तरीणबाई, तुम्हाला मी माणूस वाटत नाही. आमच्या घरी पुन्हा येऊ नका.'

तू ते वाचलंस, स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर ठेवलास, बिट्टीच्या केसांवरून हात फिरवलास आणि गेलीस. दारात भावोजींना म्हणालीस, चला. माझ्याशी एक शब्द नाही. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते की ताई बिट्टीचं बोलणं मनाला लावून बसली, लेकराच्या बोलण्यावर कुणी एवढं रागावतं का.

परवा भांडी घासताना मला तो शब्द आठवला आणि हातातलं ताट खाली पडलं. मास्तरीणबाई. तुला मास्तरीणबाई कोण म्हणायचं? लहानपणी तू माझी गणितं तपासायला बसलीस की मी चिडून म्हणायचे. आई-बाबा गेल्यावर ह्या जगात ते आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. बिट्टीसमोर मी तो शब्द कधी उच्चारलेला नाही, नवऱ्यालाही तो माहीत नव्हता. काल विचारून खात्री केली.

म्हणजे तुला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. तू बिट्टीवर रागावून गेलीच नाहीस. तुझ्या धाकट्या बहिणीने तुला 'पुन्हा येऊ नकोस' म्हटलं, आणि तू ते ऐकलंस. तू तेव्हाच ओरडून का सांगितलं नाहीस, असं मी तुला विचारणार होते. मग लक्षात आलं, तू सांगितलं असतंस तर माझी बोलणारी मुलगी तू माझ्याच डोळ्यांदेखत काढून घेतली असतीस. ते तुझ्याने झालं नाही.  

बिट्टीने तुला काहीही म्हटलेलं नाही. ते मी म्हटलं होतं. तुला वाढदिवसाला आलेलं तिचं गोड पत्र, 'मावशी, तुझ्या हाताला खडूचा वास येतो आणि मला तो आवडतो', तेही मीच. ते फाडू नकोस. माझं म्हणून ठेव, ते खोटं नव्हतं.

तू तेव्हा एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता देऊन गेली होतीस. मी तो चुरगळून टाकला होता, बिट्टीच्या बाबांनी सरळ करून ठेवला होता. आम्ही जातोय. तिथे कुणी तिचा हात धरत नाही. चित्रांचे पत्ते असतात, तिने स्वतः उचलून समोरच्याच्या हातात द्यायचे. पहिले कितीतरी दिवस काही नाही. ती पत्ते चावायची. मला तिथून पळून यावंसं वाटायचं, कारण घरी कपाटात पाटी होती आणि पाटीवर माझी मुलगी पाच मिनिटांत बोलली असती.

मग गेल्या आठवड्यात तिने पाण्याचा पत्ता उचलून बाईंच्या हातात ठेवला. मी रडायच्या तयारीत होते. बाईंनी काय करावं? पाण्याऐवजी तिला चेंडू दिला. मी म्हटलं, "अहो, तिने पाणी मागितलंय." त्या म्हणाल्या, "बघू या ना, खरंच पाणीच हवंय का."

बिट्टीने चेंडू बघितला. बाईंकडे बघितलं. आणि तो असा भिरकावला की खिडकीतली कुंडी पडली. मग पाण्याचा तोच पत्ता शोधून बाईंच्या हातात कोंबला.

ताई, तिच्या सगळ्या कविता एका बाजूला आणि तो चेंडू एका बाजूला. ती 'नाही' म्हणाली. मला नव्हे, माझ्याकडून नव्हे, स्वतःच्या हाताने, माझ्या मनात नसताना. वीस वर्षांत मी तिचं ऐकलेलं ते पहिलं वाक्य. तिला सगळं समजतं की नाही मला माहीत नाही. तिला किती समजतं तेही माहीत नाही. पाणी आणि चेंडू ह्यांतला फरक समजतो, एवढं मी आता छातीवर हात ठेवून सांगते. बाकी शून्यापासून.

तो निळा स्कार्फ ती झोपताना उशाखाली घेते. तिला तुझी आठवण येते, असं मी लिहिणार होते. पेन तिथेच थांबलं. स्कार्फ मऊ आहे म्हणून घेत असेल. मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं तिच्या तोंडी घालायचं मी सोडलं आहे.

माझ्या पत्रांच्या शेवटी बिट्टीची एक ओळ असायची. आज ती जागा मी मोकळी ठेवते आहे.



तू ये. तुला वाटेल ती वस्तू पिशवीत घालून आण. तिच्याजवळ बस, दार आतून लावून घे. तू म्हणाली होतीस तशी मी बाहेर थांबते. हाक मारल्याशिवाय आत येणार नाही.

तुझीच धाकटी,
ह्या वेळी एकटीची सही